जपानमधील शाळेत शिकवायला निघालेल्या पुणेकर शिक्षकांसाठी: पहिल्या वर्षी रुळावे कसे

गेल्या वर्षभरात माझ्या घरी चार शिक्षिका आणि एक शिक्षक येऊन गेले. पाचही जण पुण्यातले, पाचही जणांच्या हातात जपानमधील शाळेत इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून काम करण्याचे करारपत्र. प्रत्येकाचा पहिला प्रश्न व्हिसाचा होता, दुसरा पगाराचा, आणि निघताना पायांत चपला सरकवत विचारलेला शेवटचा प्रश्न एकच होता: "तिथे मन लागेल ना?" मी पुण्यातील एका माध्यमिक शाळेत अकरा वर्षे शिकवल्यानंतर ओकायामा प्रांतातील एका लहान गावात चार वर्षे शिकवले. त्या अनुभवावरून मला असे ठामपणे वाटते की मन लागणे ही नशिबाने घडणारी गोष्ट नाही. ती कागदपत्रांपासून कचऱ्याच्या वारांपर्यंत अनेक लहान कामांतून हळूहळू उभी राहते. म्हणून त्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी येथे पायरीपायरीने देत आहे.

पहिली पायरी: करार वाचणे

सहायक भाषा शिक्षकाची नेमणूक मुख्यतः दोन प्रकारे होते. एक म्हणजे शहराच्या किंवा प्रांताच्या शिक्षण मंडळाने थेट केलेली नेमणूक. १९८७ साली सुरू झालेल्या जेट या सरकारी कार्यक्रमातून येणारे शिक्षकही अशाच सार्वजनिक यंत्रणेत काम करतात. दुसरा प्रकार म्हणजे मनुष्यबळ पुरवणाऱ्या खासगी कंपनीमार्फत मिळालेले काम. यात शाळा तीच असते, मुले तीच असतात, परंतु तुमचा मालक कंपनी असते. दुसरा प्रकार वाईट आहे असे मी म्हणणार नाही, मात्र सही करण्यापूर्वी चार गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: ऑगस्टमध्ये आणि हिवाळ्याच्या सुट्टीत पूर्ण पगार मिळतो का, आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतन यांतील मालकाचा हिस्सा कंपनी भरते का, एकूण किती शाळांमध्ये जावे लागेल, आणि शाळेपर्यंतच्या प्रवासाचा खर्च कोण देते. माझ्या पहिल्या वर्षी मी यांपैकी पहिला प्रश्न विचारला नव्हता. ऑगस्टचा पगार जवळजवळ निम्मा हाती आला, तेव्हा कंपनीने करारातील एका बारीक ओळीकडे बोट दाखवले. ती ओळ तिथे खरोखरच होती.

मालकाकडून तुम्हाला वास्तव्याच्या पात्रतेचे प्रमाणपत्र मिळते. त्याची मुदत साधारणपणे तीन महिने असते, म्हणून ते हाती आले की व्हिसाच्या अर्जास विलंब लावू नये. जपानचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते, त्यामुळे बहुतेकांची धावपळ फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांत होते. पुण्यातील शाळेत शिकवत असाल, तर याच काळात तुमच्याकडे वार्षिक परीक्षांचे काम असते, हे लक्षात ठेवून मुख्याध्यापकांना वेळेवर कळवावे.

निघण्यापूर्वी आपल्या बँकेत जाऊन अनिवासी झाल्याची माहिती द्यावी आणि साधे बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे. हे काम लोक विसरतात आणि मग परदेशातून सह्यांचे कागद पाठवत बसतात. औषधांबाबत तर फारच काळजी घ्यावी. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये स्यूडोइफेड्रिन असते, आणि त्याचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असलेले औषध जपानमध्ये नेण्यास मनाई आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधे एक महिन्यापुरती नेता येतात. त्याहून अधिक न्यायची असल्यास आधी परवानगी काढावी लागते. ताजा कढीपत्ता, फळे आणि बियाणे तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. आईने पिशवीत घातलेली कढीपत्त्याची जुडी घरीच ठेवावी, आणि गोडा मसाला दुकानातील बंद पाकिटातला घ्यावा.

दुसरी पायरी: पुण्यातच भाषेची सुरुवात करणे

पुण्याइतकी सोय फार थोड्या शहरांत आहे. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात जपानी शिकवली जाते, शहरात खासगी वर्ग अनेक आहेत, आणि जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा जुलै व डिसेंबरमध्ये पुण्यातच देता येते. वर्गात इंग्रजी शिकवायची असली, तरी वर्गाबाहेरचे सारे जीवन जपानीत असते. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे तरी विमानात बसण्यापूर्वी वाचता यायलाच हवीत.

मराठी माणसाला या भाषेत एक मोठा दिलासा आहे, आणि तो इंग्रजीतून जपानी शिकवणारी पुस्तके सांगत नाहीत. वाक्याची मांडणी आपल्यासारखीच आहे: आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. आपण नामाच्या मागे प्रत्यय लावतो, तेही लावतात. "मी पुण्याहून आले" हे वाक्य "वाताशी वा पुने कारा किमाशिता" असे होते, आणि त्यातील "कारा" आपल्या "हून"च्याच जागी बसतो. तू, तुम्ही आणि आपण यांतील अंतर ज्याच्या कानांना लहानपणापासून कळते, त्याला जपानीतील आदरार्थी रूपांचे मर्मही लवकर उमगते. म्हणून जपानी मराठीतूनच मनात जुळवावी. मध्ये इंग्रजी आणू नये.

सवड मिळाली तर सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानात एक सकाळ घालवावी. ओकायामातील कोराकुएन या १७०० साली पूर्ण झालेल्या बागेच्या धर्तीवर ते उभारले आहे. निघण्याच्या आधल्या रविवारी मी तिथे पाण्याकाठी बसले होते, आणि सहा महिन्यांनी मूळ बागेत उभी राहिले तेव्हा तिथली वळणे मला ओळखीची वाटली. परक्या गावात एखादी तरी जागा आधीपासून ठाऊक असावी, याचे मोल तिथे गेल्यावर कळते.

तिसरी पायरी: पहिले चौदा दिवस

मोठ्या विमानतळावर उतरताच वास्तव्याचे कार्ड हातात मिळते. ते नेहमी जवळ बाळगावे लागते. राहण्याची जागा ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत स्थानिक नगर कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंद करावी लागते. ती झाली की कार्डाच्या मागे पत्ता छापून देतात. विम्याची जबाबदारी मालकाने घेतली नसेल, तर राष्ट्रीय आरोग्य विम्याची आणि निवृत्तिवेतनाची नोंदणीही त्याच कार्यालयात त्याच दिवशी उरकावी. विमा असला की दवाखान्याच्या बहुतेक बिलांपैकी ३० टक्के रक्कमच आपल्याला भरावी लागते. याच नोंदीनंतर तुमचा १२ अंकी वैयक्तिक क्रमांक टपालाने येतो आणि तो पुढे पगारासाठी लागतो.

बँकेचे खाते उघडताना नवख्यांना अडचण येते, कारण जपानमध्ये राहून सहा महिने झाल्याशिवाय अनेक बँका पूर्ण सोयींचे खाते देत नाहीत. टपाल बँकेपासून सुरुवात केल्यास बहुधा काम होते. भाड्याच्या घरासाठी अनामत, घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम, दलाली, हमी देणाऱ्या कंपनीचे शुल्क आणि पहिले भाडे धरून सुरुवातीलाच चार ते पाच महिन्यांच्या भाड्याएवढा खर्च होऊ शकतो. शिक्षण मंडळ घर देत असेल तर हा भार टळतो. काही झाले तरी पहिला पगार हाती येईपर्यंत दोन महिने निभावतील एवढे पैसे बरोबर असावेत. कर्ज काढून जाणाऱ्याचे मन पहिल्या दिवसापासूनच हिशेबात अडकते.

चौथी पायरी: घर, कचरा आणि थंडी

पुण्यात कचरावेचक ताई दाराशी येतात, त्यांच्याशी दोन शब्द बोलणे होते, आणि ओला व सुका एवढे वेगळे केले की आपले काम संपते. जपानमध्ये जळणारा कचरा, न जळणारा कचरा, प्लॅस्टिक, बाटल्या, डबे आणि कागद यांचे वार वेगळे असतात, अनेक गावांत पिशवीही नगरपालिकेने ठरवलेलीच वापरावी लागते, आणि चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी चिठ्ठी लावून तिथेच सोडली जाते. नगर कार्यालयातून मिळालेले कचऱ्याचे वेळापत्रक फ्रिजवर चिकटवावे. हे मी आग्रहाने सांगते, कारण परदेशी भाडेकरूबद्दल शेजाऱ्यांचे पहिले मत त्याच्या कचऱ्यावरून बनते. माझ्या शेजारच्या वृद्ध बाईंनी माझ्याशी पहिल्यांदा संभाषण केले ते मी बाटल्यांची झाकणे वेगळी केली नव्हती म्हणून. त्यांनी शेजारी बसून मला ते करून दाखवले, दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना बेसनाच्या वड्या नेऊन दिल्या, आणि शरद ऋतूत त्यांच्या झाडाची पर्सिमॉनची फळे माझ्या दाराशी ठेवलेली असत.

पुण्याच्या हवेत वाढलेल्या माणसाला तिथली थंडी घराबाहेर नव्हे, घरात बोचते. बहुतेक घरांत एकच खोली तापवतात, स्नानगृह आणि व्हरांडा गारठलेले राहतात. पायांत जाड मोजे आणि अंगात आतले गरम कपडे डिसेंबरची वाट न पाहता घ्यावेत.

भूकंपाची तयारी पहिल्याच आठवड्यात करावी. पाणी, विजेरी, औषधे, पारपत्राची प्रत आणि थोडी रोख रक्कम असलेली पिशवी दाराजवळ असावी. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका व अग्निशमनासाठी ११९ हे क्रमांक पाठ करावेत. आसऱ्याची जागा अनेकदा शाळेचे व्यायामगृहच असते, म्हणजे तुम्ही जिथे शिकवता तिथेच सारे गाव येऊन थांबणार असते. शाळेतील कवायतीत मुलांबरोबर मेजाखाली बसताना हे ध्यानात ठेवले की ती कवायत आपलीही होते.

पाचवी पायरी: स्टाफरूममध्ये आपली जागा

जपानी शाळेत शिक्षकांचे सारे जीवन एका मोठ्या खोलीत चालते. मेजे एकमेकांना जोडून मांडलेली, सर्वांना दिसेल अशा जागी उपमुख्याध्यापक. शाळेचा दैनंदिन कारभार त्यांच्याकडे असतो, म्हणून रजा, आजारपण, उशीर, आहार यांविषयी सर्वांत आधी त्यांनाच सांगावे. सकाळी आत शिरताना मोठ्याने "ओहायो गोझाइमासु" म्हणावे, आणि निघताना "ओसाकी नी शित्सुरेइ शिमासु" म्हणजे "तुमच्याआधी निघते, क्षमा असावी" असे म्हणावे. पहिल्या दिवशी पुण्याहून काहीतरी खाऊ न्यावा. तो वेगवेगळ्या लहान पुड्यांत बांधलेला असावा, म्हणजे प्रत्येकाच्या मेजावर एकेक ठेवता येतो. फार तिखट नसलेली लहान बाकरवडी चालते; चिक्कीही आवडीने खाल्ली.

शाळेच्या दारात बाहेरचे बूट काढून आतले घालायचे असतात. आपल्याकडे चपला दाराबाहेर काढण्याची सवय असल्याने हे सोपे जाते. पण नवखे शिक्षक जिथे चुकतात ती गोष्ट म्हणजे स्वच्छतेची वेळ. दररोज साधारण पंधरा मिनिटे सर्व मुले वर्ग, जिने आणि शौचालये झाडतात, पुसतात, आणि शिक्षकही त्यांच्यात असतात. सहायक शिक्षकाला या वेळी मेजाशी बसून राहिले तरी कोणी काही बोलत नाही. तुम्ही मात्र बसू नका. मी दुसऱ्या आठवड्यापासून जिन्यावरच्या गटात ओले फडके घेऊन बसू लागले. वर्गात एक शब्द न बोलणारी मुले तिथे माझ्याशी बोलत, कारण तिथे चूक होण्याची भीती नव्हती. महिन्याभराने मी एक दिवस दुसऱ्या शाळेत होते, तर पुढच्या दिवशी एका मुलीने विचारले, "सेन्सेइ, काल जिन्यावर का नव्हता?" परदेशात माझी कोणीतरी वाट पाहिली, असे मला प्रथम वाटले ते त्या प्रश्नाने. नवागतांना माझा सर्वांत महत्त्वाचा सल्ला हाच आहे: आठवड्यातील एखादी ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि ठरलेले काम धरा, आणि ते चुकवू नका. ओळख वाढवण्यासाठी वेगळे प्रयत्न करावे लागत नाहीत. नेम पाळला की लोक आपल्याला त्यांच्या दिवसात धरून चालतात.

सहावी पायरी: वर्ग

जपानच्या प्राथमिक शाळांत २०२० पासून पाचवी आणि सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय आहे, आणि तिसरी-चौथीला त्याची तोंडओळख करून दिली जाते. सहायक शिक्षक बहुधा जपानी शिक्षकाच्या जोडीने शिकवतो. वर्गाची जबाबदारी, गुण आणि शिस्त जपानी शिक्षकाकडे असतात. पुण्यात स्वतंत्रपणे वर्ग सांभाळलेल्या शिक्षकाला हे सुरुवातीला जड जाते. मलाही गेले. पहिले तीन महिने मी मनातल्या मनात कुढत होते की माझा अनुभव कोणी वापरतच नाही. त्यातून बाहेर पडण्यास एका छोट्या गोष्टीची मदत झाली: दर शुक्रवारी मी पुढच्या आठवड्याचा धडा विचारून घेऊ लागले आणि सोमवारी त्यावरचा एक खेळ किंवा एक संवाद कागदावर लिहून शिक्षकांच्या मेजावर ठेवू लागले. "वापरायचा असेल तर" एवढेच त्यावर लिहिलेले असे. पहिले चार कागद तसेच परत आले, पाचवा वापरला गेला.

दुसरी अडचण शांततेची. पुण्यातील वर्गात प्रश्न विचारला की दहा हात वर जातात आणि पाच मुले हात वर न करताच उत्तर देतात. तिथे प्रश्न विचारला की वर्ग गप्प बसतो. यावरून मुलांना उत्तर येत नाही किंवा तुम्ही आवडत नाही, असा अर्थ काढू नका. सर्वांसमोर एकट्याने चुकणे त्यांना नकोसे वाटते. आधी शेजारच्याशी एक मिनिट बोलायला सांगा, मग जोडीला विचारा, मग ओळीला. उत्तरे येऊ लागतात. मुलांच्या शांततेत पाच-सहा सेकंद न बोलता थांबण्याची सवय लावून घेणे, हे माझ्यासारख्या बोलक्या शिक्षिकेला सर्वांत कठीण गेले.

पहिल्या तासाला सर्वत्र स्वतःची ओळख करून द्यावी लागते. बहुतेक नवे शिक्षक ताजमहाल आणि हत्ती दाखवतात. त्याऐवजी आपले पुणे दाखवावे: पावसाळ्यातील सिंहगड, गणपतीची मिरवणूक, आपली शाळा, आपल्या घराचा जिना. आणि फळ्यावर देवनागरी लिहावी. जपानी अक्षरमालेचा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून, बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतून घडला आहे. त्यांचे स्वर पाच, आणि पुढच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व अशा येतात. आजच्या "ह"च्या ओळीचा उच्चार प्राचीन काळी "प"च्या जवळचा होता, हे कळल्यावर ती ओळ "न" आणि "म" यांच्या मध्ये का बसली आहे, तेही लक्षात येते. मी दोन्ही क्रम शेजारी शेजारी लिहिले तेव्हा मुलांपेक्षा मागे उभे असलेले भाषेचे वयस्कर शिक्षकच जास्त हरखले, आणि त्यांनी मला त्यांच्या तासाला बोलावले. त्यानंतर प्रत्येक मुलाचे नाव देवनागरीत लिहून देण्यात माझा आठवडा गेला. ते कागद मुलांनी दप्तरांवर चिकटवले.

उच्चारांबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. तुमचे इंग्रजी भारतीय आहे म्हणून काही जण शंका घेतील. एका शाळेत मला सांगण्यात आले की वाचन ध्वनिफितीवरूनच होईल. मी वाद घातला नाही, पण त्याच शिक्षकांना विचारले की जगात इंग्रजी बोलणारी किती माणसे टोकियो किंवा लंडनच्या ध्वनिफितीसारखी बोलतात, आणि आपल्या मुलांना पुढे कोणाशी बोलावे लागणार आहे. दोन सत्रांनंतर वाचन माझ्याकडे आले. आपल्या भाषेविषयी लाज वाटून कृत्रिम उच्चार करू नयेत. स्पष्ट, सावकाश आणि आपल्या स्वतःच्या आवाजात बोलावे. परदेशी माणसाला शाळेत केवळ सहायकच राहावे लागते असेही नाही. २०१९ साली टोकियोच्या एदोगावा विभागाच्या परिषदेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक पुढे इबाराकी प्रांतातील एका सार्वजनिक शाळेचे मुख्याध्यापक झाले.

सातवी पायरी: जेवण

शाळेत मुलांबरोबर वर्गातच जेवायचे असते, आणि मुलेच वाढतात. मांसाहार करणाऱ्यांना काहीच अडचण नाही. शाकाहारी व्यक्तीने मात्र हे समजून घ्यावे की दिसायला निव्वळ भाजी किंवा सूप असले तरी त्यात "दाशी" म्हणजे बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. "मी शाकाहारी आहे" एवढे सांगून भागत नाही; "निकु मो साकाना मो ताबेमासेन", म्हणजे मांस आणि मासे दोन्ही खात नाही, असे सांगावे आणि दाशीचे वेगळे सांगावे. डबा आणण्याची परवानगी मिळते, परंतु डबा घेऊनही मुलांबरोबरच बसावे. मी अंडे खात असल्याने माझे सोपे झाले. डाळी, तांदूळ, कणीक आणि मसाले टपालाने मागवता येतात. मोठ्या शहरांजवळ असाल, तर टोकियोच्या निशिकासाई भागासारख्या वस्त्यांत भारतीय दुकाने आहेत. माझ्या गावात यातले काही नव्हते, म्हणून मी कुकर नेला होता, आणि तो माझ्या सामानातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

आठवी पायरी: जूनपासून हिवाळ्यापर्यंत मन सांभाळणे

मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० साली परक्या संस्कृतीत जाणाऱ्याच्या मनाच्या चार अवस्था मांडल्या: आधी नवलाई, मग वैताग, मग सावरणे, आणि शेवटी रुळणे. प्रत्येकाला त्या याच क्रमाने येतात असे नाही. माझी नवलाई मेअखेर संपली. जूनमध्ये पावसाळा लागला, भिंतींना बुरशी आली, आणि स्टाफरूममधील हास्य माझ्याबद्दल आहे असे मला वाटू लागले. तसे काहीच नव्हते. पण त्या दिवसांत मन प्रत्येक गोष्टीचा वाईट अर्थ काढते. हे येणार आहे, हे आधीच ठाऊक असले की आपण त्या मनाच्या सांगण्यावरून राजीनामा लिहीत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, जेवण जात नसेल किंवा रडू आवरत नसेल, तर मात्र डॉक्टरांकडे जावे. तेही विम्यात बसते.

घरच्यांशी बोलण्याची वेळ ठरवून घ्यावी. जपान भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. पुण्यात रात्रीची जेवणे उरकून साडेनऊला फोन येतो, तेव्हा तिथे रात्रीचा एक वाजलेला असतो. पहिले काही महिने मी तो फोन घेत राहिले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगत राहिले. पुढे आम्ही तिथल्या संध्याकाळी साडेसातची, म्हणजे पुण्यातल्या चार वाजताच्या चहाची वेळ ठरवली, बुधवारी आणि रविवारी. आईने कप घ्यायचा आणि मी माझा. रोजच्या फोनपेक्षा त्या दोन फोनांत अधिक बोलणे झाले, आणि उरलेले पाच दिवस मी तिथे राहू लागले.

सणांचे दुःख खरे असते आणि ते झटकून टाकू नये. गणेश चतुर्थीला तिथे साधा कामाचा दिवस असतो. सहा महिने काम झाल्यावर कायद्याने किमान दहा दिवसांची भरपगारी रजा मिळते. त्यातला एक दिवस आपल्या सणासाठी राखून ठेवावा आणि उपमुख्याध्यापकांना आधीच सांगावे. दुसऱ्या वर्षी मी तांदळाच्या पिठाचे मोदक केले. तांदळाच्या उकडलेल्या पिठाच्या आत गोड सारण ही कल्पना त्यांना नवी नव्हती. शेजारच्या बाईंनी तर पाऱ्या माझ्यापेक्षा नीट पाडल्या.

नववी पायरी: दुसऱ्या वर्षाचे तीन धक्के

पहिला धक्का पैशाचा. निवासी कर आधीच्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो, त्यामुळे एप्रिलमध्ये आलेल्या माणसाला तो पहिल्या वर्षी भरावा लागत नाही आणि दुसऱ्या वर्षी जूनपासून अचानक हातचा पगार कमी होतो. पहिल्या वर्षीच दरमहा थोडी रक्कम यासाठी बाजूला टाकावी. दुसरा धक्का माणसांचा. सार्वजनिक शाळांतील शिक्षकांच्या बदल्या मार्चअखेर जाहीर होतात, आणि ज्यांच्यामुळे तुम्ही रुळलात त्यांच्यापैकी काही जण एप्रिलमध्ये दुसऱ्या शाळेत गेलेले असतात. मला शुक्रवारचे धडे देणारे शिक्षक असेच गेले. त्यांच्या निरोपाच्या समारंभात भाषण करावे लागले नाही तरी एक कार्ड लिहावे, आणि नव्या शिक्षकाच्या मेजावर पुढच्या सोमवारी पहिला कागद ठेवावा.

तिसरा धक्का निर्णयाचा. करार बहुधा एका वर्षाचा असतो आणि पुढे राहणार का, हे हिवाळ्यातच विचारतात, जेव्हा अंधार लवकर पडतो आणि घराची ओढ सर्वाधिक असते. उत्तर त्या आठवड्यातील मनःस्थितीवर देऊ नये. मी वहीत दोन याद्या केल्या: येथे आणखी काय शिकवायचे राहिले आहे, आणि पुण्यात माझ्यावाचून काय अडले आहे. चौथ्या हिवाळ्यात दुसरी यादी मोठी झाली, तेव्हा परतले.

परतताना निवृत्तिवेतनाचा विचार करावा. किमान सहा महिने हप्ते भरलेल्या परदेशी व्यक्तीला देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत एकरकमी रक्कम मागता येते. मात्र भारत आणि जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, आणि एकरकमी पैसे घेतले की तो काळ दोन्ही देशांतील सेवा जोडताना धरला जात नाही. म्हणून घाईने अर्ज करण्याआधी हिशेब करावा. निवासी कराची बाकी कोण भरणार, हेही नगर कार्यालयात लिहून द्यावे.

शेवटचे काम तुमच्या जागी येणाऱ्या शिक्षकासाठी. मला माझ्या आधीच्या शिक्षकाने काहीच ठेवले नव्हते, म्हणून मी एक वही ठेवली. पहिल्या पानावर कचऱ्याचे वार, दुसऱ्यावर स्टाफरूममधील मेजांचा नकाशा आणि प्रत्येकाचे नाव कसे उच्चारावे ते, पुढे कोणत्या वर्गात जोड्या कशा पाडाव्यात, कोणते मूल वर्गात बोलत नाही पण फुटबॉलबद्दल विचारले की बोलते. मागच्या पानावर लिहिले: शेजारच्या बाईंना कमी ऐकू येते, दार दोनदा वाजवावे, आणि स्वच्छतेच्या वेळी जिन्यावरच्या गटात एक फडके जास्तीचे असते, ते तुमचे.